परक्या तलावाची फळी

माझ्या भावाकडं जायचं तर गोंदियाहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, तिथून आणखी कुठंतरी आणि मग डब्लिन, असा प्रवास आहे हे मी बाबूजींना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बिरसीवरून नाई जात का?" गोंदियाला गेलं की बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालताना दिसतात. आपल्या जिल्ह्यात विमानं असताना नागपूरला मरायला कशाला जायचं, असा त्यांचा मुद्दा होता. मला त्यात खोट काढता आली नाही.

बाबूजी आयर्लंड पाहायला निघाले नव्हते. नातीलाही भेटायला नाही, खरं सांगायचं तर. ते भावाला एक गोष्ट विचारायला निघाले होते. ती काय, हे आधी सांगायला हवं.

आम्ही कोहळी. आमच्या लोकांनी या भागात गावोगाव तलाव बांधले, ही आमची ओळख. ज्यांना ऐकवायची त्यांना ती ऐकवून झाली आहे, आणि आता ऐकणारे उरलेले नाहीत. केशोरीच्या पलीकडं आमचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला तलाव आणि तलावाखाली सगळ्यांचं धान. तलाव केव्हाच सरकारजमा झाला. मासे मच्छीमार सोसायटीचे, गाळ ठेकेदाराचा, फोटो पुढाऱ्यांचे. आमच्या घरी राहिला तो फक्त एक मान. पाऊस ओढ देतो, धान निसवायला येतं आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडू लागतात, तेव्हा तलावाचं पहिलं पाणी आमच्या घरच्या माणसानं सोडायचं.

पाणी सोडायचं म्हणजे चाक फिरवायचं नाही. तलावाच्या पाळीला आम्ही पार म्हणतो. पाराच्या आतल्या अंगाला पाण्यात एक दगडी खांब आहे, त्याला एकावर एक भोकं आणि भोकांत लाकडी खुंट्या. याला तुडूम म्हणतात. पाण्यात उतरायचं, खुंटी ओढायची, पाणी पाराखालून पाटात जातं. वर पारावर नारळ फुटलेला असतो, लोक बसलेले असतात. काम घटकाभराचं, पण ते झाल्याशिवाय गावात कोणी आपल्या बांधीचं तोंड फोडत नाही.

बाबूजींचे गुडघे गेल्यापासून पाण्यात मी उतरते. लग्न होऊन मी तिरोड्याला गेले होते, ते निभलं नाही, परत आले आणि केशोरीच्या शाळेत शिकवू लागले. बाईच्या हातानं तुडूम उघडत नाही, हे गावातला कोणीही सांगेल, आणि मी दरवर्षी तो उघडते हे त्यातल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. यावर गावानं तोडगा काढला आहे. बाबूजी पारावर उभे राहतात, मी पाण्यात. हात माझा, सोडणारे बाबूजी. पाणी सगळ्यांना दिसतं. मला कोणी पाहतच नाही.

आता रीत अशी, की माणूस थकला की त्याला पारावर सगळ्यांच्या देखत विचारतात, पुढं कोण? त्यानं नाव घ्यायचं. नाव घेतलं की झालं. नाही घेतलं, तर मान घरातून जातो आणि गेलेला परत येत नाही. गेल्या वर्षी बाबूजींना विचारलं गेलं. "पुढच्या साली सांगतो," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. आणि आयर्लंडला चला, चला म्हणून वर्षानुवर्षं मागं लागलेल्या भावाला, आईच्या माघारी कधी नव्हे ते, त्यानंतर आलेल्या पहिल्याच फोनला हो म्हणाले.

त्यांना भावाला परत बोलवायचं नव्हतं. तेवढं त्यांना कळत होतं. वर्षातून एकदा ये, पार चढ, नारळ फोड, तुझं नाव लागू दे, एवढंच. जायच्या आधी स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसून त्यांनी मला विचारलं, "तू सांग वो बाई, एवढ्या शिकलेल्या पोराले कसं विचारतेत?" मी त्यांना वाक्यं बसवून दिली. आधी त्याच्या कामाचं विचारा, मग गावाचं सांगा, मग हळूच ही गोष्ट काढा. त्यांनी ती वाक्यं माझ्यासमोर म्हणून दाखवली, मी चुका काढल्या. भाकरी तव्यावर करपली. जे मला विचारायला हवं होतं ते दुसऱ्याला कसं विचारायचं, याचा मी आपल्या तोंडानं पाठ घेत होते. राग आला होता. पण बापाचं तोंड असं लहान झालेलं पाहिलं की राग ठेवायला जागा राहत नाही.

शाळेला सुट्या लागल्या आणि आम्ही गेलो. इकडं उन्हानं डांबर वितळत होतं, तिकडं बाबूजी स्वेटरवर स्वेटर चढवून खिडकीत बसायचे. भावाचं घर नीटनेटकं. वहिनी नागपूरची. ती चांगली आहे, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा आधी सुनेवर संशय घेतो. तिनं बाबूजींसाठी कुठून कुठून शोधून लाखोरीची डाळ आणली होती. भाऊही वाईट नाही. फक्त बाबूजींच्या खर्र्याची, सुपारी-तंबाखूची, पुडी त्यानं पहिल्याच दिवशी, त्यांच्या समोर, दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली. "इथं असं चालत नाही, बाबूजी." ही ओळ आम्ही तिथं असेपर्यंत घरात सारखी ऐकू यायची.

प्रश्न विचारायची जागा बाबूजींनी गावातूनच ठरवून आणली होती. भावानं कधीतरी फोनवर सांगितलं होतं, इथं जवळ एका जुन्या जमीनदाराचा बंगला आहे, मोठी बाग आहे, आणि तलाव आहे, अगदी आपल्यासारखा. आपल्यासारखा, हा शब्द बाबूजींनी धरून ठेवला होता. घरात नाही विचारणार, म्हणाले, तलावाच्या काठी बसून विचारीन. तिथं त्यालाही समजंल.

एका रविवारी आम्ही सगळे गाडीतून तिथं गेलो. वहिनीनं सँडविच केले होते, मी तिळाची चटणी आणि चपात्या बांधून घेतल्या, भाचीनं आपली छत्री घेतली. बाबूजींनी धोतर नेसायचा हट्ट सोडून भावानं आणलेली पँट घातली होती. गाडीत ते ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते. वहिनीला वाटलं, जप चालला आहे. मला माहीत होतं काय चाललं होतं.

बंगला म्हणजे राखाडी दगडाचा डोंगरच. खिडक्या मोजाव्यात तर दुपार जाईल. आत खुर्च्यांना दोरी बांधलेली, बसायचं नाही. लांबच लांब टेबलावर ताटं, काटे, चमचे, पेले मांडलेले, जेवायला कोणीच नाही. भिंतीवर त्या घराण्यातल्या बायापुरुषांची चित्रं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर पोट दुखल्यासारखा भाव. माहिती सांगणारी बाई मनापासून सांगत होती. बाबूजींनी भावाला विचारलं, "मानसं कुठं गेले गा या घरचे?"

भावानं तिला विचारून सांगितलं, "शेवटच्या मालकाला वारस नव्हता. त्यानं सगळं देऊन टाकलं. आता पगारी लोक सांभाळतात."

"वारस नोयता," बाबूजी म्हणाले. मग त्या मांडलेल्या टेबलाकडं बराच वेळ पाहून म्हणाले, "पगारी मानसंबी बरे सांभारतेत." हे ते भावाकडं पाहून म्हणाले. मला वाटलं, इथंच विषय निघतो आहे. पण भाऊ भाचीला चित्रापुढं उभी करून तिचा फोटो काढत होता.

बाहेर आलो तर भुरभुर पाऊस. तिथं याला पाऊस म्हणत नाहीत, लोक त्यातच सतरंज्या पसरून बसले होते. उतारावर हिरवळ, हिरवळीच्या कडेनं दगडात बांधलेला झरा, आणि वरच्या बाजूला झाडांच्या आड तलाव. भाची आइसक्रीमसाठी रडू लागली, म्हणून भाऊ आणि वहिनी तिला घेऊन चहाच्या दुकानाकडं गेले. "तुम्ही तलावाकडं व्हा, मी येतोच," भाऊ म्हणाला. बाबूजींचा चेहरा उजळला. मी येतोच, म्हणजे एकटाच येतो, असं त्यांनी धरलं.

तलाव आपल्यासारखा होता, हे मात्र खरं. एका अंगाला पार, पारावर जुनी झाडं, समोर पाणवनस्पतींत पक्षी. बाबूजींची चाल बदलली. विमानतळापासून पाय ओढत चालणारा हा माणूस पारावर पाय पडताच पुढं आणि मी मागं. माती कुठून काढली असेल, पाणी कुठून येत असेल, सगळं हातवारे करून मला सांगू लागले. आईच्या जाण्यानंतर मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. बसायला त्यांनी एक बाकही निवडला, रुमालानं पुसला. "तो इथं बसंल, मी असा," म्हणाले.

बाकापासून थोडं पुढं तलावातून पाणी बाहेर जायची वाट होती. दगडी खाच, खाचेत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या, पुढं लोखंडी जाळी. त्या जाळीत पानं, काटक्या, कसलं कसलं शेवाळ दाटून बसलं होतं. आठवडाभराच्या पावसानं तलाव तुडुंब भरला होता आणि पाणी पायवाटेवर चढून पलीकडं झिरपत होतं. बाबूजी थबकले. मग खाली वाकून पायातले बूट काढू लागले.

इथं आमच्याकडची गोष्ट सांगते, म्हणजे त्यांनी काय केलं ते कळेल. पाणी पारावर चढलेलं दिसलं की पाहणाऱ्यानं हात घालायचा. तो कोणत्या गावचा, तलाव कोणाचा, याला महत्त्व नाही. विचारायला माणूस शोधत गेलात तर येईपर्यंत पार फुटलेला असतो आणि खालचं गाव वाहून गेलेलं असतं. बुजलेलं तोंड पाहून पुढं गेला, ही आमच्यात शिवी आहे. बाबूजींनी परक्या गावांच्या किती तलावांची तोंडं मोकळी केली असतील, त्यांनाच ठाऊक नाही. मी त्यांना अडवलं नाही. मी त्यांचा स्वेटर धरला, तो बुडू नये म्हणून.

पानं निघाली, तरी पाणी हवं तसं सरकेना. "वरची फळी फुगली हाये," म्हणाले. हातानं ठोकून पाहिली, बोटं घातली, आणि गुडघ्यांनी जन्माचा दावा मांडलेल्या त्या माणसानं असा झटका दिला की फळी वर आली. नुसती ती नाही, तिच्याखालचीही, आणि बहुतेक तिच्याहीखालची. पाणी मोठा आवाज करून बाहेर पडलं. बाबूजी हसले. "पाहा वो," म्हणाले, "कसा मोकरा झाला जीव त्याचा."

खालून ओरडण्याचे आवाज आले तेव्हा आम्हाला कळलं. झरा काठोकाठ भरून हिरवळीवर उलटला होता. सतरंज्या, टोपल्या, कोणाचे बूट, सगळं पाण्यात. पोरं नाचत होती, मोठी माणसं सामान उचलून पळत होती. हिरवा कोट घातलेली एक बाई आणि दोन माणसं आमच्याकडं धावत आली. माणसांनी घाईनं फळ्या परत बसवल्या. त्या बाईनं मला सांगितलं, की पाणी मुद्दाम चढवून ठेवलं होतं. कडेच्या गवतात पाणपक्ष्यांची घरटी होती, पाणी उतरलं की कोल्ह्यांना वाट मिळते. ती रागावली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय म्हनते?" बाबूजींनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी गवताकडं पाहिलं, तिथं आता ओला चिखल दिसत होता. "मले काय मालूम," म्हणाले. "पार फुटला असता वो." ते त्या बाईला हे मराठीत सांगू लागले, हातांनी पाणी दाखवून, पार दाखवून. तिला काही कळत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊ आला.

तो धावत आला, दम लागलेला, हातात आइसक्रीम तसंच. त्यानं बाबूजींकडं पाहिलं नाही. थेट त्या बाईकडं गेला आणि भराभर इंग्रजीत बोलू लागला. माफ करा, माझे वडील आहेत, त्यांची प्रकृती ठीक नाही, त्यांना भ्रम होतो, कुठं आहोत ते समजत नाही. हे म्हणताना त्यानं आइसक्रीमचा हात बदलला आणि एक बोट आपल्या कपाळाच्या बाजूला टेकवलं. डोक्याशी.

त्या बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. ती बाबूजींच्या जवळ गेली, खाली वाकली, आणि लहान पोराशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत बोलू लागली. सगळं ठीक आहे. काही झालेलं नाही. तुम्ही छान आहात. कोणीतरी घोंगडी आणली, ती त्यांच्या खांद्यावर घातली, थोपटलं. पाहायला जमलेल्या माणसांनी आपले चेहरे गोड केले. मी आयुष्यात एवढी दया पाहिली नाही आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. शिव्या घातल्या असत्या तर बाबूजींनी उलट घातल्या असत्या, मोकळे झाले असते.

"काय सांगतलं त्यानं?" त्यांनी मला विचारलं.

"तुमची तब्येत बरी नाही म्हणाला."

"मले दिसलं," ते म्हणाले.

चहाच्या दुकानात आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. वहिनीनं बाबूजींचे पाय पुसले, त्यांना स्वतःचे मोजे घातले. भाची आजोबांकडं टक लावून पाहत होती. भावाचा चेहरा लाल. तो माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतो, पण चिडला की गाव बाहेर येतं. "काऊन असं करता तुमी, बाबूजी? इथं मले राहाचं हाये. हे मानसं मले ओरखतेत!" मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "ताई, मी हेच म्हणत होतो. हे आता गावात राहण्यासारखे नाहीत. शेती विका. गोंदियाला फ्लॅट घ्या, लिफ्टचा. दवाखाने जवळ. तुलाही तिकडच्या शाळेत बदली मिळेल."

मी म्हणाले, "त्यांना काही झालेलं नाही."

"झालेलं नाही? तू पाहिलंस ना आत्ता?"

"मी पाहिलं. तू पाहिलं नाहीस."

वहिनी म्हणाली, जाऊ द्या, चहा गार होतो. बाबूजी कपाकडं पाहत होते. मग त्यांनी मान वर केली. मी बसवून दिलेली वाक्यं त्यांना आठवत असतील, कामाचं विचारा, गावाचं सांगा, पण त्यांनी सगळं सोडून शेवटाला हात घातला. "आनि तलाव?" म्हणाले.

"कोणता तलाव?" भावानं विचारलं.

त्यानं मुद्दाम विचारलं नाही. मी त्याचा चेहरा पाहत होते. त्याला खरंच कळलं नव्हतं. इथला का, घरट्यांचं काय झालं त्याचं विचारत आहेत का, अशा गोंधळानं तो पाहत राहिला. ज्या पाण्यात तो पोहायला शिकला, ज्याच्या पारावर त्याचं जावळ काढलं, ते त्याच्या मनात आलंच नाही. मग एकदम आलं. "अच्छा, आपला. तो सरकारचा आहे ना, बाबूजी? आपलं काय आहे त्यात?"

"काई नाई," बाबूजी म्हणाले.

पुढचे दिवस गेले कसे ते विचारू नये. त्यांनी प्रश्न विचारला नाही. विमानतळावर भावानं त्यांना मिठी मारली, तो रडलाही, आणि बाबूजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचं प्रेम कमी झालं नव्हतं. प्रेमानं काही होत नाही, हे मात्र मला तिथं दिसलं.

परतल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते पिण्याच्या पाण्याच्या पितळी गुंडापाशी. बाबूजी पेला हातात घेऊन उभे होते. "घेऊ का?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, थट्टा करतात. पण मग ते सगळंच विचारू लागले. बाहेर बसू का? गाय सोडू का? ही चप्पल माहीच हाये ना? कोणी काही सांगत असलं की माझ्याकडं पाहायचे, बरोबर ऐकलं का ते तपासल्यासारखे. गावात कोणाला कधी काही न विचारलेला माणूस. मी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. मी ते त्यांना आनंदानं सांगितलं. ते म्हणाले, "डाक्टर तं तोंडावर असंच म्हनते." भावानं तिथं वेळ मारून न्यायला एक खोटं सांगितलं होतं, आणि बाबूजी ते खरं धरून जगू लागले होते. शिकलेला पोरगा, एवढ्या लोकांत सांगतो, म्हणजे असेलच काहीतरी.

मी भावाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो?

मी पूर्ण सांगायचं ठरवलं आहे, तर हेही सांगते. या सगळ्यात माझ्या मनात एक आशा होती. भाऊ आता गणतीत राहिला नव्हता. घरात मीच होते. पाण्यात उतरणारी मी, पाटातला काडीकचरा काढणारी मी, कोणत्या बांधीला पाणी उशिरा पोचतं ते तोंडपाठ असणारी मी. बाबूजी मोडले होते आणि मी त्यांना भात भरवत होते, आणि त्यातही मी मनात मांडे खात होते, की यंदा पारावर विचारतील तेव्हा दुसरं नाव कुठून आणतील? मला तो मान हवा होता. कोणावर उपकार म्हणून नाही, हवा होता.

पाऊस यंदाही ऐन वेळेला दडून बसला. धान निसवायला आलं आणि लोक घरी येऊ लागले. दिवस ठरला. मी शाळेतून रजा घेतली. बाबूजींना धोतर नेसवून, टोपी घालून पारावर नेलं. चढताना त्यांनी विचारलं, "जाऊ ना वर?" मी म्हणाले, तुमचाच पार आहे, चला.

लोक बसले होते. माझ्या वर्गात ज्यांची पोरं आहेत ते बाप होते, सोसायटीवाले होते, बाबूजींच्या वयाचे दोघे-तिघे म्हातारे होते. नारळ फुटला. मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले. कमरेपर्यंत पाणी, पायाखाली गाळ, नेहमीचं. खांबाला हात लागला, खुंटी सापडली, ती धरून मी वर पाहिलं.

म्हाताऱ्यांतला एक जण बाबूजींना म्हणाला, "भाऊ, मांगच्या साली तुमी म्हनले, पुढच्या साली सांगतो. आता नाव घेऊन टाका. पुढं कोन?"

बाबूजी पारावर काठी धरून उभे होते. त्यांनी लोकांकडं पाहिलं, तलावाकडं पाहिलं, मग खाली माझ्याकडं पाहिलं. नीट पाहिलं. नजर चुकवली असती तर मला निदान त्यांचा राग धरता आला असता. त्यांच्या डोळ्यांत माया होती, मी थंडीनं कुडकुडते आहे याची काळजीही होती.

"माह्या घरी आता कोनी नाई," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडं पाहत होते आणि कोणालाच मी दिसत नव्हते. सोसायटीच्या माणसानं हळूच मान हलवली, ठरल्यासारखी. पाणी सोडायचा मान सोसायटीकडं गेला, हे माझ्या लक्षात आलं.

मग बाबूजींनी काठी पुढं केली आणि त्या सगळ्यांना विचारलं, "सोडू का पानी?"

"सोडा," कोणीतरी म्हणालं.

खाली धान वाळत होतं. मी खुंटी ओढली.